वऱ्हाडातील कायद्याची ग्रंथालये आणि ग्रंथपालांच्या परिषदा

अमरावती आणि अकोला येथे कायद्याचे ग्रंथालय चालवणे हे पुण्यात किंवा मुंबईत तेच काम करण्यापेक्षा अवघड का राहिले, याचे उत्तर इमारत, निधी किंवा मनुष्यबळ यांच्या उणिवेत शोधण्याआधी वऱ्हाडच्या राजकीय इतिहासात शोधावे लागते. १८५३ च्या तहाने हैदराबादच्या निजामाने कंटिन्जंट, म्हणजे त्याच्या खर्चाने ठेवलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील, फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला, १८६० च्या तहाने त्या व्यवस्थेत फेरफार झाले, १९०२ च्या कराराने वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात हा प्रदेश कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारकडे गेला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडण्यात आला. या सर्व काळात प्रदेशावरचे नाममात्र स्वामित्व निजामाचेच होते. त्यामुळे वऱ्हाड हा कायद्याच्या भाषेत ‘ब्रिटिश हिंदुस्थान’चा भाग नव्हता, आणि कलकत्त्याला किंवा पुढे दिल्लीला संमत झालेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे, तो लागू करण्यासाठी वेगळी अधिसूचना, म्हणजे सरकारी राजपत्रातून प्रसिद्ध होणारा आदेश, काढावा लागे. ही अडचण दूर करण्यासाठी १९४१ साली ‘बेरार लॉज ॲक्ट’ हा स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून गुंतागुंतीची कल्पना येते.

या गुंत्याचा ग्रंथपालाच्या रोजच्या कामाशी थेट संबंध आहे. अकोला जिल्ह्यातील एखाद्या शेतजमिनीच्या मालकीचा वाद तीन पिढ्या मागे गेला, तर वकिलाला १९२८ चा वऱ्हाड जमीन महसूल कायदा लागतो आणि त्याच्याही मागे जायचे असेल तर १८९६ चा. कुळाचा प्रश्न असेल तर मध्य प्रदेश विधिमंडळाने केलेला १९५१ चा वऱ्हाडातील शेतीपट्ट्यांच्या नियमनाचा कायदा पाहावा लागतो. वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात गेल्यानंतरच्या काळासाठी विदर्भापुरता केलेला १९५८ चा कूळकायदा काढावा लागतो. आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ सुरू होते. शेत तेच, बांध तेच, पण कायदा करणारी सत्ता प्रत्येक वेळी निराळी. त्यातही नागपूरकडच्या जिल्ह्यांत मालगुजारी, म्हणजे गावाच्या महसुलाची जबाबदारी मालगुजारावर असणारी पद्धत होती, तर वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याने सारा थेट सरकारात भरण्याची पद्धत होती. म्हणून नागपूरचे जुने निवाडे वऱ्हाडच्या जमिनीला लावताना ते कोणत्या पद्धतीच्या गावाबद्दल आहेत हे आधी तपासावे लागते. हे सारे ज्याला ठाऊक आहे तोच ग्रंथपाल वकिलाच्या हाती योग्य खंड ठेवू शकतो, आणि हे ज्ञान ग्रंथालयशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

वकिली हा अमरावतीच्या सार्वजनिक जीवनाचा कणा होता. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, रघुनाथ नरसिंह मुधोळकर आणि मोरोपंत जोशी हे तिघेही वकील. १८९७ साली सर सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीला भरले तेव्हा खापर्डे स्वागताध्यक्ष होते, तर मुधोळकर १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. त्याच १९१२ साली अकोल्याला हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले. पुढे पंजाबराव देशमुख विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि त्यांनी अमरावतीत वकिली सुरू केली. एकत्र जमणे, ठराव मांडणे, त्यावर वाद घालणे आणि कार्यवृत्त छापणे ही परिषदेची रीत वऱ्हाडच्या सुशिक्षितांना चांगलीच परिचयाची होती. मात्र ही रीत वकिलांना, राजकीय कार्यकर्त्यांना आणि साहित्यिकांना लाभली. ज्यांच्या कपाटांवर वकिलांचा युक्तिवाद उभा राहत असे त्या ग्रंथपालांना ती फार उशिरा लाभली, आणि या लेखाचा विषय तोच उशीर आहे.

कायद्याचे ग्रंथालय म्हणजे काय, हे येथे सांगणे आवश्यक आहे. त्यात तीन प्रकारची सामग्री असते: मूळ अधिनियम आणि त्यांखालील नियम, न्यायालयांचे निवाडे छापणारे निर्णयसंग्रह, ज्यांना वकील ‘रिपोर्टर’ किंवा नुसते ‘जर्नल’ म्हणतात, आणि भाष्यग्रंथ. यांपैकी निर्णयसंग्रह हा सर्वांत महत्त्वाचा भाग, कारण वरिष्ठ न्यायालयाचा निवाडा खालच्या न्यायालयावर बंधनकारक असतो. १८७५ च्या कायद्यानंतर १८७६ पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ ही अधिकृत माला सुरू झाली. १८९९ पासून ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ निघू लागला. आणि विसाव्या शतकात नागपूर हे शहर कायदाविषयक प्रकाशनाचे मोठे केंद्र झाले, कारण वामन वासुदेव चितळे यांनी उभी केलेली ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ ही संस्था तेथलीच. १९३६ साली नागपूरला उच्च न्यायालय स्थापन झाले तेव्हापासून १९५६ पर्यंत ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची नागपूर माला चालली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात आला, नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले आणि वऱ्हाडच्या ग्रंथालयांना नागपूरचे जुने खंड जपून मुंबईचे नवे आणि जुनेही खंड जमवावे लागले. ज्या ग्रंथालयाने १९५६ नंतर नागपूर माला निरुपयोगी समजून रद्दीत घातली, त्याने आपल्याच जिल्ह्याचा कायदा रद्दीत घातला असेच म्हणावे लागेल.

या खंडांची देखभाल हे कौशल्याचे काम होते आणि ते बाहेरून कोणाला दिसत नसे. ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चा मासिक अंक आला की त्यात सर्वोच्च न्यायालय, निरनिराळी उच्च न्यायालये आणि लेख असे विभाग असत आणि प्रत्येक विभागाचे पृष्ठांक स्वतंत्रपणे चालत. वर्षअखेरीस बांधणीला पाठवताना बाराही अंक उसवून प्रत्येक विभागाची पाने वेगळी काढायची, ती पृष्ठक्रमाने लावायची, शेवटी आलेली वार्षिक सूची त्या त्या खंडाला जोडायची आणि मगच बांधणाऱ्याच्या हवाली करायची; एका विभागाची आठ पाने भलत्या खंडात शिवली गेली तर त्या पानांवरचा निवाडा असूनही नसल्यासारखा होई. अधिनियमांच्या प्रतींचेही तसेच. संसदेने किंवा विधिमंडळाने दुरुस्ती केली की राजपत्रातून ती उतरवून किंवा छापील दुरुस्तीची चिठ्ठी कापून संबंधित कलमाच्या कडेला डिंकाने चिकटवायची, जुन्या मजकुरावर रेघ मारायची आणि दुरुस्ती अमलात आल्याची तारीख लिहायची. ही चिठ्ठी वेळेवर चिकटली नाही तर विद्यार्थी रद्द झालेले कलम पाठ करतो आणि कनिष्ठ वकील तेच न्यायालयात वाचून दाखवतो.

असे काम करणारा माणूस बहुतेक ठिकाणी लिपिक समजला जाई. जगातही आरंभी फारसे निराळे नव्हते; पण अमेरिकेतील कायदा ग्रंथपालांनी लवकर संघटना उभारली. १९०६ साली ऱ्होड आयलंडमधील नॅरागॅन्सेट पिअर येथे आयोवा राज्याच्या कायदा ग्रंथालयाचे प्रमुख ए. जे. स्मॉल यांच्या पुढाकाराने २४ ग्रंथपाल जमले आणि अमेरिकन असोसिएशन ऑफ लॉ लायब्ररीजचा जन्म झाला. सर्वसाधारण ग्रंथालय संघात आपल्या प्रश्नांना जागा मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती आणि ती रास्त होती. या संघटनेचे मोठेपण सदस्यसंख्येत नव्हते. पहिली परिषद होऊन दोन वर्षे होत नाहीत तोच, १९०८ साली, तिने स्वतःचे नियतकालिक काढले आणि कायदाविषयक नियतकालिकांतील लेखांची सूची प्रसिद्ध करायला घेतली. परिषद भरली, भाषणे झाली आणि मंडळी पांगली असे न होता परिषदेतून सर्वांच्या उपयोगाचे साधन तयार झाले. भारतात तशी सूची दिल्लीच्या इंडियन लॉ इन्स्टिट्यूटने १९६३ साली सुरू केली. ही संस्थाच मुळी १९५६ ची. दरम्यान १९५९ मध्ये कायदा ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि १९६९ मध्ये ब्रिटन-आयर्लंडमधील कायदा ग्रंथपालांची संघटना स्थापन झाली होती.

भारतातील ग्रंथपालांच्या संघटनेचा प्रवाह मुख्यतः सार्वजनिक ग्रंथालयांच्या चळवळीतून आला. मराठी मुलखापुरते बोलायचे तर त्याचे पहिले मोठे केंद्र सयाजीराव गायकवाडांचे बडोदे होते. त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डेन यांना आणले आणि तेथून निघालेल्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीलाही स्थान होते. १९३३ साली कलकत्त्याच्या परिषदेत भारतीय ग्रंथालय संघ स्थापन झाला. मुंबई प्रांतात १९३९ साली ग्रंथालय विकासासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आसफ अली असगर फैजी हे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, ज्या पदावर त्यांच्या आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. कायद्याचा प्राध्यापक सबंध प्रांताच्या ग्रंथालयांची योजना आखतो, ही घटना लक्षणीय आहे; मात्र तिचा लाभ वऱ्हाडला झाला नाही, कारण अमरावती आणि अकोला तेव्हा मुंबई प्रांतात नव्हते. फैजी समितीच्या शिफारशींवर मुंबई सरकारने १९४७ पासून जी व्यवस्था उभारली, तिच्या कक्षेत वऱ्हाड १९५६ पर्यंत येऊच शकत नव्हते. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला आणि तेव्हा सर्व विभाग एका व्यवस्थेखाली आले, पण हा कायदा सार्वजनिक ग्रंथालयांचा. विधी महाविद्यालयाचे किंवा वकील संघाच्या बाररूममधले ग्रंथालय त्यात बसत नव्हते.

वऱ्हाडच्या दृष्टीने सर्वांत जवळची मोठी घटना १९४९ ची. त्या वर्षी भारतीय ग्रंथालय संघाची आठवी अखिल भारतीय परिषद नागपूरला भरली. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते, अमरावतीच्या माणसाने बडनेऱ्याला आणि अकोल्याच्या माणसाने अकोल्याला गाडी पकडली की तो त्याच दिवशी तेथे पोहोचत असे, आणि संघाचे अध्यक्ष होते शियाली रामामृत रंगनाथन. रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री १९३१ ची आणि द्विबिंदू वर्गीकरण १९३३ चे. वर्गीकरण म्हणजे विषयानुसार ग्रंथांना क्रमांक देण्याची पद्धत. त्यांच्या पद्धतीत कायदा हा स्वतंत्र मुख्य वर्ग आहे आणि त्याचा पहिला पैलू ‘हा कायदा कोणत्या समाजाचा’ हा आहे. ज्या प्रदेशात कोणत्या सत्तेचा कायदा हाच पहिला प्रश्न होता, त्या वऱ्हाडच्या ग्रंथपालाला ही दृष्टी फार उपयोगी पडण्यासारखी होती. महाविद्यालयांनी मात्र बहुधा ड्युईची दशांश पद्धत स्वीकारली. तिच्यात कायद्याचा ३४० हा विभाग १९७१ च्या अठराव्या आवृत्तीत मुळापासून नव्याने रचला गेला, आणि जुने क्रमांक तसेच ठेवायचे की हजारो ग्रंथांच्या पाठीवरची लेबले बदलायची, असा पेच ग्रंथपालांपुढे उभा राहिला. अशा पेचावर एकेकट्याने निर्णय घेण्यापेक्षा दहा जणांनी एकत्र बसून घेतलेला निर्णय टिकतो, आणि व्यावसायिक परिषदेची गरज नेमकी येथे आहे.

विशेष ग्रंथालयांसाठी, म्हणजे एका विषयाला किंवा संस्थेला वाहिलेल्या ग्रंथालयांसाठी, १९५५ साली कलकत्त्यात ‘इॲस्लिक’ ही संघटना निघाली. १९५७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने रंगनाथनांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने ग्रंथपालाला अध्यापकांच्या बरोबरीचा दर्जा व वेतन देण्याची शिफारस केली. ही शिफारस प्रत्यक्षात उतरायला अनेक वर्षे गेली. पण जेव्हा ती उतरली तेव्हा विधी महाविद्यालयाच्या ग्रंथपालाची परिषदेकडे जाण्याची वाट मोकळी झाली, कारण अध्यापकाप्रमाणे त्यालाही कर्तव्यरजा मागता येऊ लागली आणि उद्बोधन वर्ग व उजळणी वर्ग, म्हणजे सेवेत असताना करायचे काही आठवड्यांचे अभ्यासक्रम, पदोन्नतीसाठी आवश्यक ठरले. शिवाजी शिक्षण संस्थेचे अमरावतीतील डॉ. पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालय आणि अकोल्याचे विधी महाविद्यालय आधी नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होते. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यावर या भागाला स्वतःचे विद्यापीठ आणि विद्यापीठ ग्रंथालय मिळाले.

यानंतरचे दोन प्रसंग महत्त्वाचे. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना संगणकजालाने जोडणाऱ्या संस्थेचे ‘कॅलिबर’ हे वार्षिक अधिवेशन फेब्रुवारी १९९९ मध्ये नागपूरला भरले आणि इंटरनेट युगातील शैक्षणिक ग्रंथालये हा त्याचा विषय होता. पन्नास वर्षांपूर्वी त्याच शहरात रंगनाथन अध्यक्ष असलेल्या संघाची परिषद भरली होती. आता प्रश्न असा होता की तालिका, म्हणजे ग्रंथांची नोंद, संगणकावर गेल्यानंतर ग्रंथपालाने काय करायचे. दुसरा प्रसंग डिसेंबर २००७ चा. कायदा ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपला वार्षिक अभ्यासवर्ग मुंबईत घेतला आणि भारतीय विधिव्यवस्था हाच त्याचा विषय ठेवला. जगभरचे कायदा ग्रंथपाल महाराष्ट्रात आले. योगायोग असा की त्याच महिन्यात, १२ डिसेंबर २००७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात निर्णय दिला की न्यायालयाच्या मूळ निवाड्यावर कोणाचा स्वामित्वहक्क नाही, मात्र संपादकाने स्वतःच्या बुद्धीने केलेल्या परिच्छेदांच्या मांडणीसारख्या कामाला संरक्षण आहे. निवाडा सर्वांचा आणि त्यापर्यंत नेणारी वाट संपादकाची, हा भेद कायदा ग्रंथपालाच्या व्यवसायाच्या मुळाशी आहे. आणि जी वाट प्रकाशक पैसे घेऊन देतो ती ग्रंथालय वाचकाला मोफत देते.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी किमान अपेक्षा ठरवून दिल्या: नेमक्या मालिकांची नावे, निदान दहा वर्षांचे मागील खंड, नोंदणी झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे दहा पुस्तके, आणि दरवर्षी एका अभ्यासक्रमासाठी ५०,००० किंवा दोन्ही अभ्यासक्रमांसाठी एक लाख रुपयांची खरेदी. दहा वर्षांची अट देशभरासाठी पुरेशी असेलही. वऱ्हाडच्या ग्रंथालयाला ती पुरत नाही, कारण येथे १९५६ च्या आधीचे खंड ही केवळ इतिहासाची साधने नाहीत, ती चालू दाव्यांची साधने आहेत.

२०१० च्या अनुदान आयोगाच्या विनियमांनी चर्चासत्रातील निबंधाला गुण दिले. परिषदांची संख्या त्यामुळे वाढली, आणि तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या ग्रंथपालालाही व्यासपीठ मिळाले ही चांगली गोष्ट झाली. परंतु गुणांसाठी लिहिलेल्या निबंधांचे विषय ठरावीक होऊन बसले. संगणकीकरण, ई-संसाधने, वाचकांच्या गरजांची प्रश्नावली. विदर्भातील ग्रंथपालाला इतर कोणाला सांगता येणार नाही असे काही सांगता येते ते वेगळेच आहे: कोणता अधिनियम वऱ्हाडात कोणत्या अधिसूचनेने, कोणत्या तारखेस, कोणत्या फेरफारांसह लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ पासून ई-एससीआर या नावाने आपले अधिकृत निवाडे सर्वांना संगणकावर विनामूल्य खुले केले आहेत आणि त्यामुळे लहान ग्रंथालयाची मोठी गरज भागली आहे. पण निजामी मुलखातल्या इंग्रज कारभाराच्या अधिसूचना आणि उच्च न्यायालय होण्यापूर्वीच्या नागपूरच्या न्यायिक आयुक्तांचे जुने निवाडे शोधताना आजही बांधीव खंडच हाती घ्यावे लागतात, आणि त्या खंडांचा कागद दरवर्षी अधिक ठिसूळ होत आहे.

१९०६ च्या परिषदेतून दोन वर्षांत सूची निघाली, ही गोष्ट वऱ्हाडने मनावर घेण्यासारखी आहे. अमरावती आणि अकोला येथील विधी महाविद्यालये, दोन्ही जिल्ह्यांचे वकील संघ आणि अमरावती विद्यापीठाचे ग्रंथालय यांच्या ग्रंथपालांनी पुढच्या चर्चासत्राला निबंधांऐवजी आपापल्या दाखल नोंदवह्या, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक ग्रंथाची नोंद असलेल्या वह्या, घेऊन यावे, १८५३ ते १९५६ या काळातील वऱ्हाडला लागू असलेले कायदे, अधिसूचना आणि निर्णयसंग्रह यांपैकी काय कोणाकडे आहे याची एक संघतालिका, म्हणजे अनेक ग्रंथालयांची मिळून एकच यादी, तयार करावी आणि ती मराठीत प्रसिद्ध करावी. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. दोन्ही शहरांमध्ये शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि लागणारे ज्ञान ज्यांच्याकडे आहे ते लोक आज कामावर आहेत. ते निवृत्त होण्याआधी हे काम सुरू झाले पाहिजे.